जेवला का

बुधवारी सकाळी ताटली तशीच.
वाटलं, रात्री उंदीर मिळाला असेल
लाकडांच्या खोपटात.
गुरुवारी मात्र त्याने ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
चुकीच्या पत्त्यावर आलेलं पाकीट
पोस्टमनला परत द्यावं तसं.

रान्सू. अकरा वर्षांचा, काळा, छातीवर पांढरा ठिपका.
लोण्याचा वास आला म्हणून
एकदा माझा लोकरी हातमोजा गिळून बसलेला.

तो जेवत नाही.

रेनडियरची कलेजी उकडली.
भात गिजगा शिजवला, सूप कोमट केलं,
नाकाला लोणी फासलं. ते त्याने चाटलं,
पण नाइलाजाने, नाक पुसावं तसं.
शेवटी फरशीवर त्याच्यासमोर बसून
खोटंखोटं खाल्लं मी, मचमच आवाज करत,
अडुसष्टाव्या वर्षी.
गुडघे अजून बोलत नाहीत माझ्याशी.

सोदानक्युलाची डॉक्टर फोनवर विचारते,
पाणी पितो? पितो.
ओकतो? नाही.
हिरडी दाबा, रंग परत येतो का बघा.
अंगठ्याखाली पांढरं, मग हळूहळू गुलाबी.
हल्ली भर दुपारी बाराला आभाळाच्या कडेला
एवढाच रंग येतो,
आणि परत रात्र.

वजन करा, म्हणते.
त्याला उचलून काट्यावर उभी राहते,
मग त्याला खाली ठेवून एकटी.
कॅलेंडरच्या पाठीवर वजाबाकी.
एकोणीस. उन्हाळ्यात बावीस होता.
माझा आकडा नुसता वजा करायला घेतला होता,
पण तोही
उन्हाळ्यातला राहिलेला नाही.

संध्याकाळी सहाला ओइवाचा फोन,
केअर होममधून, खोली नंबर नऊ.
वार विसरतो, मुलीचं नाव विसरतो,
पहिला प्रश्न मात्र ठरलेला:
जेवला का?
जेवला, मी म्हणते.
सगळं?
सगळं. ताटली चाटून लख्ख.
तो हसतो.
फोनमधलं हसू ऐकून रान्सू एक कान उभा करतो,
मग पाडतो.

मग सिल्या फोन घेते, तिथली नर्स.
मी विचारते, हे जेवले का?
जेवले की. अगदी सगळं.

सगळं.
किती पटकन म्हणाली.

त्या रात्री मी ठरवून टाकलं, कुत्रा झुरतोय.
जुळतच होतं सारं, रिकामी खुर्ची,
दाराशी अजून तसेच ठेवलेले मोठे बूट.
ओइवाचा स्वेटर त्याच्याखाली अंथरला,
त्याला समजावलं,
समजावता समजावता स्वतःच रडले,
आणि तो ऐकत राहिला
जबडा जरा एका बाजूला धरून.

शनिवारी शेजारच्या हेइम्मोची गाडी, नव्वद किलोमीटर बर्फ.
हेइम्मो म्हणाला, वय झालंय आउने, तयारी ठेव.
मी उत्तर दिलं नाही.
डॉक्टरने आत दिवा धरला:
मागची दाढ, उभी चिरलेली, मुळाशी पू.
शिंग चघळताना गेली असेल, म्हणाली.

दाढ!
चार दिवस मी त्याच्या मनात शिरत होते,
तोंडात डोकावले नव्हते.

दाढ त्यांनी कागदात बांधून दिली.
कशाला, कोण जाणे.
कोटाच्या खिशात आहे अजून.

रविवारी तीन चमचे.
कलेजी कुस्करून, माझ्या तळहातावरून.
चौथ्याला तोंड फिरवलं.

सहाला फोन.
जेवला का?
तीन चमचे, मी म्हणाले. खरं तेच.
तिकडे शांतता. इतकी, की कुणाची तरी
ढकलखुर्ची गेल्याचं ऐकू आलं.
तीनच?
तीनच.
मग ओइवा म्हणाला, हळू, सिल्याला ऐकू जाऊ नये असा,
मी पण.

काय बोलावं सुचेना.
खिशातली पुडी हाताला लागली.
ओइवा, मी म्हणाले,
दाढ दुखतेय का तुझी?

थांब हं, तो म्हणाला, बघतो.
आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.